पावसाळ्यात गाडी पुन्हा पुन्हा थांबते : दोष रुळांवरच्या मळाचा की जोडांचा?

कोल्हापुरात मृगाच्या सरी सुरू झाल्या की रेल्वेच्या लहान प्रतिकृती बांधणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एकच तक्रार फिरू लागते. मे महिन्यापर्यंत सुरळीत धावणारी गाडी अडखळू लागते, बोटाने किंचित ढकलली की पुढे सरकते, रूळ पुसले की दोन-चार दिवस नीट चालते आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काही जण इंजिन उघडून पाहतात, काही जण कंट्रोलर बदलतात आणि बहुतेक जण रूळ आणखी जोर लावून घासतात. दसरा उलटून हवा कोरडी झाली की तक्रार आपोआप मिटते. त्यामुळे तिच्या मुळाशी जाण्याची निकड कोणालाच उरत नाही आणि पुढच्या जूनमध्ये ती ठरल्याप्रमाणे परत येते.

माझे स्पष्ट मत असे आहे की आपण ज्याला एक तक्रार समजतो त्यात किमान तीन वेगवेगळे दोष मिसळलेले असतात : रुळांच्या माथ्यावरचा मळ, रुळांच्या जोडांतून नीट न वाहणारी वीज (इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते) आणि इंजिनाची स्वतःची मळकट चाके. यांतला जोडांचा दोष सर्वांत मोठा आहे आणि नेमका तोच पुसून जात नाही. मग रूळ पुसल्यावर गाडी काही दिवस चालते कशी, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर असे की विजेच्या वाटेतले सगळे अडथळे एकमेकांत मिळवले जातात. मळाचा अडथळा दूर केला की एकूण अडथळा इंजिनाला सोसेल इतका उतरतो आणि जोडांचा दोष झाकला जातो. मळ थोडासा जरी परत चढला तरी बेरीज पुन्हा मर्यादेबाहेर जाते. म्हणून पुसण्याचे फडके हातात घेण्यापूर्वी दोष कोणता आहे हे ठरवणे आवश्यक आहे आणि ते ठरवण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत.

सध्या आपल्याकडे कामे उत्साहाने चालू आहेत, म्हणूनही हा विषय आताच सविस्तर मांडावासा वाटतो. कोल्हापूर-मिरज हा १८९१ मध्ये सुरू झालेला मार्ग अनेकांच्या मनात घर करून आहे, परंतु सुमारे ४८ किलोमीटरचे हे अंतर १:८७ या प्रमाणात करायचे म्हटले तरी जवळपास साडेपाचशे मीटर जागा लागेल. त्यामुळे प्रत्येक जण आपल्या आवडीचा तुकडा निवडतो. कोणी शाहू महाराज टर्मिनसचे फलाट करतो, कोणी रुकडी आणि वळिवडे यांच्या दरम्यानचा पंचगंगेवरचा पूल उभारतो, तर कोणी एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या पाहिलेले मिरज जंक्शन हाती घेतो. यांतले बरेचसे काम जुन्या पेठांतल्या घरांच्या माळ्यावर, कौलांखाली किंवा पत्र्याखाली चालते आणि उन्हाळ्यातला ताप व पावसाळ्यातला दमटपणा या दोहोंचा जोर सर्वांत जास्त तिथेच असतो.

आधी थांबण्याच्या जागा टिपा

चांगले चालणारे एकच इंजिन घ्यावे, त्याला डबे जोडू नयेत आणि ते शक्य तितक्या संथ गतीने दोन्ही दिशांना फिरवावे. जिथे ते थांबेल किंवा त्याचे दिवे लुकलुकतील तिथे रुळाशेजारी कागदाची एक चिठ्ठी ठेवावी. भरधाव गाडी स्वतःच्या वेगाने खराब जागा ओलांडून जाते आणि दोष दिसतच नाही, म्हणून संथ गतीचा आग्रह धरावा. काही फेऱ्यांनंतर चिठ्ठ्यांची मांडणीच बरेच काही सांगू लागते.

चिठ्ठ्या सर्वत्र विखुरलेल्या असतील आणि दुसरे इंजिनही तसेच वागत असेल, तर रुळांवर मळ आहे असे समजावे. एकच इंजिन कुठेही थांबत असेल आणि बाकीची त्याच रुळांवरून नीट जात असतील, तर दोष त्या इंजिनाच्या चाकांत किंवा चाकांवरून वीज घेणाऱ्या पत्र्यांच्या पट्ट्यांत आहे. चिठ्ठ्या फक्त पॉइंटवर (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यावर) जमल्या असतील, तर पॉइंटच्या हलत्या जिभांचा किंवा फ्रॉगचा, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेचा, विचार करावा. परंतु चिठ्ठ्या ठरावीक दोन-तीन जागी येत असतील, किंवा गाडी वीज जोडलेल्या जागेपासून दूर जाताना हळूहळू मंदावत असेल आणि परत जवळ येताना आपोआप वेग घेत असेल, तर जोड सैल झाले आहेत याबद्दल फारशी शंका राहत नाही.

मिरज करणाऱ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १:८७ प्रमाणात ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजसाठी ९ मिलिमीटरचे रूळ वापरले जातात आणि त्यांवरची इंजिने वजनाने हलकी व लांबीने आखूड असतात. सगळ्या मांडणीत दोष असला तरी सर्वांत आधी तीच थांबतात, त्यामुळे त्यांच्यावर नाहक ठपका येतो. तपासणीचा आरंभ मोठ्या, जड, सर्व चाकांवरून वीज घेणाऱ्या इंजिनाने करावा. तेही ज्या जागी अडखळते ती जागा खरोखर खराब असते.

बल्ब लावून मोजा

अनेक जण रुळांवर मल्टिमीटर टेकवतात, सगळीकडे १२ व्होल्ट दिसतात आणि वीज सर्वत्र पोहोचते आहे असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. हा निष्कर्ष फसवा आहे. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, आणि प्रवाहच नसेल तर गंजलेल्या जोडावरही व्होल्टेज पडत नाही. इंजिन मात्र प्रवाह घेते. आजचे एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातले साधारण इंजिन ०.२ ते ०.५ अँपिअर घेते. म्हणून मोजताना रुळांवर तेवढाच भार असला पाहिजे.

यासाठी मोटारसायकलच्या पार्किंग दिव्याचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब उत्तम कामाला येतो. तो कोणत्याही ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळतो आणि सुमारे ०.४ अँपिअर, म्हणजे एका इंजिनाइतकाच प्रवाह घेतो. त्याला दोन लवचीक तारा जोडून टोकांना क्रोकोडाइल क्लिपा लावाव्यात. कंट्रोलर पूर्ण चालू करून बल्ब प्रथम वीज जोडलेल्या जागी दोन्ही रुळांना लावावा आणि तिथेच मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून लिहून ठेवावे. मग एकेका रुळाच्या लांबीने पुढे सरकत हेच करीत जावे. जोड चांगले असतील तर आकडा ११.८ वरून ११.७, ११.६ असा सावकाश उतरेल. मध्येच एका जोडानंतर तो एकदम १०.४ वर आला, तर गुन्हेगार सापडला.

खात्रीसाठी आणखी एक पायरी करावी. बल्ब त्या जोडाच्या पलीकडे तसाच लावून ठेवावा आणि मल्टिमीटरची एक पिन जोडाच्या अलीकडच्या रुळावर व दुसरी पलीकडच्या, त्याच बाजूच्या रुळावर टेकवावी. निरोगी जोडावर व्होल्टचा शंभरावा-दोनशंभरावा भागच दिसतो. खराब जोडावर अर्धा, कधी पूर्ण व्होल्ट दिसतो. याच स्थितीत प्लास्टिकच्या मुठीच्या लहान स्क्रूड्रायव्हरने फिशप्लेट (दोन रुळांची टोके जोडणारी धातूची पट्टी) हलकेच बाजूला दाबली असता बल्ब डोळ्यांदेखत उजळतो आणि दाब सोडताच पुन्हा मंद होतो. ज्याने हे एकदा स्वतः पाहिले तो पुन्हा नुसते रूळ पुसत बसणार नाही.

मांडणी बंद वर्तुळाची असेल तर आणखी सावधपणा हवा. वर्तुळात वीज दोन्ही बाजूंनी पोहोचते, त्यामुळे एक जोड पूर्ण निकामी झाला तरी दुसऱ्या बाजूने पुरवठा चालू राहतो आणि कोणाला काही कळत नाही. पुढे कधी तरी दुसरा जोड सैल होतो, त्या दोहोंमधला तुकडा एका रात्रीत मृतवत होतो आणि दोष अचानक उद्भवला असे वाटते. प्रत्यक्षात पहिला जोड कित्येक महिन्यांपासून गेलेला असतो. म्हणून एक खराब जोड सापडला की तपासणी तिथेच थांबवू नये, वर्तुळ पूर्ण करावे.

डीसीसी, म्हणजे इंजिनांना रुळांतूनच डिजिटल आज्ञा देणारी प्रणाली वापरणाऱ्यांनाही बल्बची हीच तपासणी करता येते. तिथे रुळांवर सुमारे १४ ते १५ व्होल्टची सतत दिशा बदलणारी वीज असते, साधा मल्टिमीटर तिचा आकडा अचूक दाखवत नाही. तरी एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करण्यास तो पुरेसा आहे. त्याखेरीज नाण्याची तपासणी त्यांनी अवश्य करावी. दोन्ही रुळांवर क्षणभर नाणे आडवे ठेवले की बूस्टरने (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने) तत्काळ पुरवठा तोडला पाहिजे. ज्या जागी तो तोडत नाही, तिथपर्यंतच्या तारा व जोड अपुरे आहेत, आणि अशा जागी डबा घसरून रूळ एकमेकांशी जोडले गेले तर प्लास्टिक वितळेपर्यंत वीज वाहत राहू शकते. ही तपासणी संरक्षण असलेल्या बूस्टरवरच आणि क्षणभरच करावी.

हे पावसाळ्यातच का घडते

आपल्या प्रतिकृतींचे रूळ बहुतेक निकेल-सिल्व्हरचे असतात. तांबे, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू पितळेपेक्षा सावकाश काळवंडतो, पण तापमानाप्रमाणे त्याची लांबी बदलतेच. एक मीटर रूळ १५ अंश थंड झाला की साधारण पाव मिलिमीटर आखडतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालचा माळा चाळीस अंशांजवळ गेलेला असतो आणि ऑगस्टमध्ये तोच पंचवीसच्या आसपास असतो, म्हणजे हा फरक आपल्याकडे दर वर्षी पडतो.

लाकडाचे वागणे याच्या नेमके उलटे आहे. उष्णतेने लाकूड फारसे वाढत नाही. ते ओलाव्याने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. पावसाळ्यात घराचे दार फुगून चौकटीत अडते, तेच बेसबोर्डचे, म्हणजे मांडणीखालच्या फळीचे होते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असल्याने साध्या फळीइतके ते फुगत नाही, तरीही कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत त्याची वाढ मीटरमागे मिलिमीटरच्या जवळपास जाऊ शकते. म्हणजे जूनपासून बोर्ड लांब होऊ लागतो, त्याच वेळी त्यावरचे रूळ आखडू लागतात, आणि ही सगळी ओढाताण शेवटी जोडांवर येते, कारण हलायला मोकळीक तेवढ्याच जागी असते. तीन मीटरच्या बोर्डवर ही तफावत तीन-साडेतीन मिलिमीटर भरते. ती जोडांत वाटली जाते, फिशप्लेटमधून रूळ थोडा बाहेर सरकतो आणि आतापर्यंत घट्ट व स्वच्छ राहिलेली स्पर्शाची जागा सुटून काळवंडलेल्या भागावर संपर्क येतो. उन्हाळ्यात उलटे होते : बोर्ड आकसतो, रूळ वाढतात, जोड आवळून बसतात आणि गाडी सुरेख धावते. ज्यांनी मोकळीक ठेवलेलीच नसते त्यांचे रूळ एप्रिलमध्ये बाजूला वाकतात. त्या वाकलेल्या रुळांची तक्रार आणि पावसाळ्यात थांबणाऱ्या गाडीची तक्रार आपण वेगवेगळ्या मानतो. माझ्या मते त्या एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत.

याच्या जोडीला खडीचा गोंद येतो. खडी बसवताना फेविकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब घालून आपण ड्रॉपरने सोडतो. साबणामुळे ते पाणी बारीकसारीक फटींत सहज शिरते, फिशप्लेटच्या आतही शिरते आणि वाळल्यावर धातूंमध्ये विजेला अडवणारा पडदा तयार करते. उन्हाळ्यात जोड आवळलेला असल्याने हे जाणवत नाही. पावसाळ्यात तो सरकताच गोंद लागलेला भाग मध्ये येतो. रुळांच्या बाजू गंजाच्या रंगाने रंगवताना फिशप्लेटमध्ये उतरणारा रंगही असाच नडतो.

जोडांचा कायमचा उपाय

फिशप्लेटने रूळ एका रेषेत धरावेत; वीज वाहून नेण्याची जबाबदारी तिच्यावर टाकू नये. बोर्डच्या खालून निदान १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन रंगांची मुख्य तार फिरवावी आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला तिच्यापासून ०.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र फीडर तार द्यावी. एकही तुकडा केवळ फिशप्लेटच्या भरवशावर राहता कामा नये. निकेल-सिल्व्हर विजेला तांब्याच्या तुलनेत पंधरापटींहून अधिक विरोध करते, त्यामुळे जोड उत्तम असले तरी लांबवर वीज रुळांतूनच नेणे तोट्याचे असते. घराच्या वायरिंगची चांगल्या प्रतीची तार यासाठी पुरते. खास आयात केलेली तार घेण्याचे कारण नाही.

फीडर सोल्डर करताना रुळाची बाहेरची बाजू लहान कानशीने घासून चकचकीत करावी, तिथे रोझिन फ्लक्स लावावा, तारेला आधीच सोल्डर चढवून घ्यावे आणि मग ४० ते ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दोन-तीन सेकंदांत काम संपवावे. कमी वॅटचे आयर्न सुरक्षित वाटते, पण ते रुळावर जास्त वेळ धरावे लागते आणि उष्णता पसरून प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की स्लीपर वाचतात. सोल्डरच्या धुरासाठी खिडकी उघडी असावी. सोल्डरचा गोळा रुळाच्या आतल्या बाजूस राहिला तर चाकांच्या कडा त्यावर आपटतात, म्हणून तार नेहमी बाहेरून किंवा खालून लावावी.

सगळेच जोड सोल्डर करून टाकावेत, असा सल्ला काही जण देतात. माझा त्याला विरोध आहे. कोल्हापूरच्या हवेत बोर्ड आणि रूळ हलणारच आहेत. सगळी मोकळीक बंद केली तर ती हालचाल रूळ वाकवून किंवा स्लीपरवरच्या खिट्ट्या तोडून बाहेर पडते. वळणावरचे जोड जरूर सोल्डर करावेत, कारण तिथे फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वळवता येणारा रूळ) सरळ होऊ पाहतो आणि जोडाशी कोन पडतो. सरळ मार्गावर मात्र साधारण दर मीटरला एक जोड मोकळा ठेवून, त्याच्या दोन्ही बाजूंना फीडर द्यावेत. या मोकळ्या जोडांत किती फट ठेवायची हे रूळ कोणत्या महिन्यात बसवता आहात त्यावर ठरते. डिसेंबरच्या थंडीत बसवत असाल तर अर्धा ते पाऊण मिलिमीटर फट ठेवावी, जुना व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा दोनपदरी करून मध्ये धरला तर अंदाज चुकत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात बसवत असाल तर रूळ आधीच वाढलेले आणि बोर्ड आकसलेला असतो, तेव्हा ते जवळजवळ टेकवून बसवले तरी चालतात. भर पावसाळ्यात रूळ कायमचे बसवू नयेत. बोर्ड तेव्हा सर्वांत फुगलेला असतो आणि त्या स्थितीत ठेवलेले माप उन्हाळ्यात हमखास कमी पडते. त्या दिवसांत इमारती, झाडे, सिग्नल, डब्यांची रंगरंगोटी अशी कामे करावीत.

खडी सगळ्यात शेवटी यावी. फीडर लावून, बल्बची तपासणी करून, निदान एक पावसाळा गाडी चालवून मगच गोंद सोडावा. ज्यांची खडी आधीच बसली आहे त्यांनी ती उखडण्याची गरज नाही : जोडाच्या दोन्ही बाजूंना रुळाच्या बाहेरून बारीक लवचीक तारेचा थोडा ढिला पूल सोल्डर करावा आणि त्यावर खडीचे चार दाणे चिकटवावेत. दिसण्यात काही फरक पडत नाही आणि फिशप्लेट निकामी झाली तरी वीज जात राहते.

मळ, धूप आणि पुसण्याची पद्धत

जोड निर्दोष झाल्यावरच मळाचा खरा हिशेब लागतो. चाक आणि रूळ यांच्यामध्ये अतिशय सूक्ष्म ठिणग्या पडत असतात. त्यांनी धातू जळून काळी भुकटी तयार होते आणि हवेतली धूळ, ॲक्सलला जास्त घातलेले तेल, रबरी टायरचे कण त्यात मिसळून चिवट थर बनतो. प्लास्टिकच्या चाकांचे डबे हा थर सगळीकडे पसरवतात, म्हणून डब्यांना धातूची चाके बसवणे हा खर्च करण्याजोगा बदल आहे. आपल्याकडे भर पावसाळ्यातच गौरी-गणपती येतात. खिडक्या बंद असतात आणि त्याच खोलीत धूप, कापूर, अगरबत्ती आणि डासांची कॉइल यांचा धूर कोंडतो. तो तेलकट थर रुळांवर बसतोच. शेजारी स्वयंपाकघर असेल तर तळणाच्या वाफेचेही तेच. सणात मांडणी जाड सुती चादरीने झाकावी. प्लास्टिकने झाकू नये, कारण त्याखाली ओलावा अडकतो.

पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल सर्रास वापरले जाते आणि मळ सोडवण्यात ते चांगले आहेच. परंतु अनेक अनुभवी मंडळी आता शेवटचा हात ध्रुवीय नसलेल्या द्रावकाचा फिरवतात, कारण अल्कोहोलने पुसलेला रूळ लवकर काळवंडतो असे त्यांना आढळले आहे. रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन किंवा विजेच्या कॉन्टॅक्टसाठीचा क्लीनर या प्रकारात मोडतो. कापड नुसते ओलसर करून पुसावे आणि लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. जुन्या धोतराचे मऊ सुती कापड याला सर्वांत चांगले, त्याचे धागे पॉइंटच्या जिभांत अडकत नाहीत. नवीन द्रावक आधी रुळाच्या टाकाऊ तुकड्यावर, प्लास्टिकच्या स्लीपरवर लावून पाहावे. थिनर आणि ॲसिटोन वापरूच नयेत, ते प्लास्टिक विरघळवतात. ही सगळी द्रावके ज्वालाग्राही आहेत; पुसताना वीज बंद, खिडकी उघडी आणि समई-उदबत्ती दूर, हे पाळावेच लागते.

पॉलिश पेपरने रूळ घासणे मात्र थांबवावे. त्याने रूळ तात्पुरता चमकतो, पण माथ्यावर उमटलेल्या बारीक चऱ्यांत मळ अधिक घट्ट बसतो आणि पुढच्या वेळी दुप्पट घासावे लागते.

इंजिनाची चाके स्वच्छ करण्याची पद्धत सोपी आहे. अल्कोहोलने ओलसर केलेला कागदी रुमाल रुळांवर आडवा ठेवून इंजिनाची एक बोगी त्यावर आणि दुसरी उघड्या रुळांवर ठेवावी, इंजिन हाताने धरून चाके फिरू द्यावीत. रुमालावर दोन समांतर काळ्या रेघा उमटतात. रुमाल सरकवत राहून त्या फिक्या होईपर्यंत हे करावे आणि मग इंजिन उलटे फिरवून दुसऱ्या बोगीचे तेच करावे.

पॉइंट आणि बोर्ड

पॉइंटच्या जिभा बाजूच्या रुळाला टेकूनच वीज घेतात, अशा रचनेत तो स्पर्शबिंदू मळतो आणि पॉइंटच्या पुढचा सगळा मार्ग बंद पडतो. जिभांना खालून स्वतंत्र तार द्यावी. फ्रॉग धातूचा असेल तर त्यापुढच्या दोन आतल्या रुळांना प्लास्टिकच्या फिशप्लेट लावून फ्रॉगला पॉइंट मोटरवरच्या स्विचमधून वीज द्यावी, म्हणजे मार्ग बदलताच त्याची बाजू बदलेल. फ्रॉग प्लास्टिकचा असेल तर आखूड इंजिने त्यावर थांबणारच. तिथे जास्त चाकांवरून वीज घेणारे इंजिन किंवा डीसीसीत कपॅसिटर (क्षणभर पुरेल इतकी वीज साठवणारा भाग) जोडलेला डिकोडर (इंजिनातला आज्ञा घेणारा भाग) हाच उपाय उरतो. सगळ्या दोषांवर कपॅसिटर हे उत्तर म्हणून सुचवले जाते, त्याबद्दल मला एवढेच सांगायचे आहे की जोड दुरुस्त करण्यापूर्वी तो बसवला तर दोष झाकला जातो आणि वाढत राहतो.

बोर्डची हालचाल पूर्ण थांबवता येत नाही, कमी करता येते. प्लायवूड घेताना आयएस ७१० शिक्क्याचे, म्हणजे मरीन प्रतीचे घ्यावे. ते महाग वाटले तर निदान आयएस ३०३ मधले बीडब्ल्यूआर प्रतीचे १२ मिलिमीटरचे घ्यावे. एमडीएफ आपल्या हवेत टाळावे. खरा लाभ लेपाने होतो : वरची बाजू, खालची बाजू आणि विशेषतः कापलेल्या कडा सँडिंग सीलर किंवा ऑइल पेंटने बंद कराव्यात, कारण ओलावा सर्वांत जास्त कडांतून शिरतो. फक्त वरूनच रंग दिला तर बोर्ड एका बाजूने फुगून वाकतो. खालच्या चौकटीच्या आडव्या पट्ट्या सुमारे ४० सेंटिमीटर अंतराने असाव्यात आणि बोर्ड ओल येणाऱ्या भिंतीपासून वीतभर दूर असावा. नदीकाठच्या सखल भागात तळमजल्यावर काम करणाऱ्यांनी बोर्ड जोडून न टाकता सुटे, नटबोल्टने बांधलेले ठेवावेत. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी वाढू लागली की ते वर हलवता येतात.

सुट्या बोर्डांच्या सीमेवर आणि रुकडीच्या पुलाच्या दोन्ही टोकांना जास्तीची काळजी घ्यावी लागते. पुलाचे गर्डर प्लास्टिकचे किंवा पितळेचे, अलीकडचा-पलीकडचा भराव लाकडाचा. हे दोन्ही भाग वेगवेगळ्या प्रमाणात हलतात आणि नेमक्या त्या रेषेवर जोड उघडतो किंवा रूळ एकमेकांपेक्षा उंच-खाली होतात. स्टीलची सरळ पट्टी रुळाच्या माथ्यावर ठेवून उजेडासमोर पाहिले की पट्टीखालची फट लगेच दिसते. पुलाच्या प्रत्येक टोकापलीकडे वीतभर अंतरावर मोकळा जोड द्यावा, पुलावरचा रूळ अखंड ठेवावा आणि त्याला दोन्ही टोकांना फीडर द्यावेत. ज्यांचा पूल अजून टेबलावरच आहे त्यांनी तारा आताच गर्डरच्या आतल्या बाजूने ओढून ठेवाव्यात, कारण खांब बसवून नदीचे पाणी ओतल्यावर खालून हात घालायला जागा राहत नाही.